तांबोळी मॅडम आणि आरएनएची घडी

तांबोळी मॅडमना पहिल्याच भेटीत कुणी ना कुणी म्हणायचंच, “अहो, तुमचं मराठी किती स्वच्छ आहे!” मॅडम चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे शांतपणे बघायच्या आणि म्हणायच्या, “तुमचंही बरं आहे.” आणि लगेच कामाचं बोलायला लागायच्या. टोला बसला आहे हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत मॅडम दोन मुद्दे पुढे गेलेल्या असायच्या.

घोरपडे पेठेत त्यांच्या घराण्याचं सायकलींचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. घरात दखनी, बाहेर मराठी, प्रयोगशाळेत इंग्रजी, आणि राग आला की पुन्हा मराठी. लग्न केलं नव्हतं. भाचे-पुतणे भरपूर होते आणि त्या सगळ्यांना गणित शिकवण्याचा त्यांनी एकदा प्रयत्न करून सोडून दिला होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या डब्यातून शीरखुर्मा घेऊन यायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि जाहीर करायच्या, “साखर कमी झालीय असं कुणाला सांगायचं असेल तर उद्या सांगा. आज खा.”

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात लागले. विभाग म्हणजे एक गार खोली, थोडे संगणक आणि एक प्रिंटर. तो सुरू झाला की फोनवर बोलणं अशक्य व्हायचं. पहिल्याच आठवड्यात मला एक गठ्ठा देऊन सांगण्यात आलं, हा वरच्या मजल्यावर डॉ. जुबेदा तांबोळींना नेऊन दे. मी जिना चढून गेले तर बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद पसरलेला. कडेला भोकं असलेला प्रिंटरचा कागद, एकाला एक चिकटवलेला, आणि त्यावर अक्षरांच्या रांगाच रांगा. मध्यावर एक ठेंगणी बाई गुडघे टेकून, हातात लाल पेन्सिल घेऊन बसलेली.

“चप्पल काढा,” तिने वर न बघता सांगितलं, “आणि भिंतीच्या कडेने या. तुम्ही यीस्टवर उभ्या आहात.”

मी दचकून मागे सरले.

“आता पाव खराब करणाऱ्या बुरशीवर. असू द्या, या.”

मला जीवशास्त्रातलं काहीच येत नव्हतं, आणि हे मी त्यांना लगेच सांगून टाकलं. त्यांना ते आवडलं असावं. गठ्ठा बाजूला ठेवून त्यांनी मला तिथेच जमिनीवर बसवलं.

“आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या, असं वाचलंय ना शाळेत? इकडचा निरोप तिकडे नेतो?”

“हो.”

“काही आरएनए निरोप्याची नोकरी करत नाहीत. ते स्वतः काम करतात. हा माझा आरएनए स्वतःलाच मधून कापून काढतो आणि उरलेली टोकं जोडून देतो. हात नाहीत, कात्री नाही. त्याच्याकडे फक्त त्याची घडी आहे. लांबलचक दोरी, पण ठरावीक तऱ्हेने दुमडली की तिच्यात कापायची ताकद येते. ती घडी कशी, ते मला शोधायचंय. आणि ती दिसत नाही.”

“मग कशी शोधणार?”

“तुम्ही राहता कुठे?”

“नारायण पेठेत.”

“गल्लीत जमिनीखाली पाण्याचे पाइप कसे गेलेत ते दिसतं?”

“नाही.”

“पण समजा, तुमच्या घराची पाण्याची वेळ बदलली की नेमकी पलीकडच्या एकाच घराची वेळ बदलते. मधल्यांची नाही. वर्षभर बघितलं, दर वेळी असंच. तर काय म्हणाल?”

“दोन्ही घरं एका पाइपवर असतील.”

“खणावं लागलं?”

“नाही.”

“झालं. हेच माझं काम.” त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. “ही एकाच आरएनएची अक्षरं, वेगवेगळ्या जिवांतली. प्रत्येकाची एक रांग. अक्षरं चारच. जी ची जोडी सी शी जमते, ए ची यू शी. आता या उभ्या ओळीत बघा. इथे जी आहे, आणि तिकडे त्या ओळीत सी. खालच्या जिवात इथे जी चा ए झाला, तर तिकडे सी चा यू झाला. त्याच्या खालच्यात इथे सी, तर तिकडे जी. एक बदललं की दुसरं बदलतं, आणि जोडी टिकते. म्हणजे घडीत ही दोघं समोरासमोर बसतात.”

मला इतका आनंद झाला की मी विचारलं, “आणि ही उभी ओळ? इथे तर सगळ्यांचं एकच अक्षर आहे. हे जास्त महत्त्वाचं असेल ना?”

“महत्त्वाचं असेलही. पण ते कधी हललंच नाही, तर त्याचा जोडीदार कोण हे मला कसं कळणार? हलल्याशिवाय नातं कळत नाही.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या रांगा छापण्याचं काम मागून घेतलं. पुढे उभ्या ओळी शोधून देणारा एक छोटा प्रोग्रॅमही लिहून दिला. तो त्यांनी कौतुकाने वापरला आणि त्याचं प्रत्येक उत्तर पेन्सिलीने पुन्हा तपासलं.

मॅडमचा एक नियम होता: सख्ख्या भावांची साक्ष एकच धरायची. जवळच्या नात्यातल्या दोन बुरशींमध्ये एकच बदल दिसला, तर तो दोनदा झाला असं नाही म्हणायचं. त्यांच्या पूर्वजात एकदा झाला आणि दोघींकडे आला. हा नियम त्या सगळीकडे लावायच्या. एकदा कँटीनच्या चहाबद्दल तक्रार आली. सगळ्यांचंच म्हणणं आहे, असं तक्रार करणारे म्हणाले. मॅडम समितीवर होत्या. “सगळे म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं. नावं आली. “हे सगळे रोज एकाच टेबलावर बसतात. ही एक तक्रार झाली. दुसऱ्या टेबलावरून एक आणा, मग चहा बदलू.” दुसऱ्या टेबलावरून आली नाही. चहा तसाच राहिला, आणि खरं सांगायचं तर तो वाईटच होता.

त्यांचा विद्यार्थी संपत. बिबवेवाडीचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. वडिलांच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि थोरल्या भावाने सिमेंट-विटांचं दुकान काढलं होतं. संपत मात्र कात्रजच्या बाजूला कुजक्या लाकडांवरच्या बुरशी गोळा करत हिंडायचा. कॉलेजात शिकून त्याची भाषा बदलली होती, पण घाबरला की पुन्हा गावची यायची. मॅडमच्या रांगांमध्ये परदेशी नियतकालिकांतून उतरवलेले जीव होते. संपतचं काम त्यात इथल्या बुरशींची भर घालण्याचं.

सगळ्या घडीत एक लहानसा दुमडलेला भाग होता, केसाच्या आकड्यासारखा. आरएनए जिथे कापतो ती जागा या आकड्याच्या आधारावर टिकून आहे, असं मॅडमचं म्हणणं होतं. त्याच्यासाठी त्यांच्याकडे एकमेकांशी नातं नसलेल्या जिवांचे पुरावे होते. लेख लिहून तयार होता. परदेशातली एक प्रयोगशाळा त्याच प्रश्नावर काम करते आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. संपतच्या प्रबंधाचा कणा हाच आकडा होता.

आणि त्याच वेळी संपतने कात्रजच्या एका बुरशीची अक्षरं वाचून आणली. आकड्याच्या पुढे एक घर रिकामं सोडलं की सगळं छान जुळत होतं, फक्त आकड्यात एका ठिकाणी, जिथे जी समोर सी यायला हवा, तिथे ए आला. जी आणि ए ची जोडी जमत नाही.

संपतचा चेहरा पडला. “म्याडम, मी तीनदा वाचलं. ए च हाय.”

मॅडमनी त्या अक्षराभोवती लाल पेन्सिलीने गोल केला. मग म्हणाल्या, “बरं. शुक्रवारी चर्चासत्र आहे ना? त्यात सांगते.”

शुक्रवारी त्यांनी स्वतःची घडी फळ्यावर काढली, सगळे पुरावे सांगितले, आणि शेवटी लाल खडूने तो ए लिहिला. “ही बुरशी माझ्या विरुद्ध आहे,” त्या म्हणाल्या. “तिचं कारण मला कळेपर्यंत लेख जाणार नाही.”

खोलीत चुळबुळ झाली. आमचे विभागप्रमुख केळकर सर भले गृहस्थ. त्यांना मॅडमच्या कामाचा अभिमान होता आणि ते दुसरं कुणी आधी छापेल याची धास्तीही. ते उठून म्हणाले, “अहो तांबोळीबाई, ही रांग इथपासून पुढे एक घर सरकवली की सी बरोबर समोर येतो. एखादं अक्षर गळलंय असं धरा. लांबी तर सगळ्यांचीच थोडीफार वेगळी असते.”

“सरकवलं तर बसतं,” मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच सरकवणार नाही.”

“मग ती बुरशी सोडून द्या. बाकीचे पुरावे भक्कम आहेत.”

“आणि तिला काय सांगू, सर? तुझं मत पटलं नाही म्हणून मोजलं नाही?”

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी जिना उतरताना त्या कठडा धरून उतरल्या, एरवी कधी धरत नसत.

पुढचे दिवस वाईट गेले. अक्षरं वाचायची तेव्हाची पद्धत अशी: काचेच्या दोन तावदानांमध्ये जेलीचा पातळ थर, त्यातून विजेच्या जोरावर तुकडे सरकत जायचे, आणि शेवटी फिल्मवर काळ्या रेघांची शिडी उमटायची. चार अक्षरांच्या चार वाटा. खालून वर वाचत जायचं. मॅडमनी संपतची फिल्म उजेडावर धरली. शिडीच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या अंतरावर होत्या, फक्त त्या जागी दाटी झालेली. “इथे गर्दी का?” त्या पुटपुटल्या. तुकडे दुमडून बसत असतील तर उष्णतेने सुटतील, म्हणून जेल जास्त गरम करून संपतने पुन्हा चालवली. तीच दाटी. तोच ए.

दुसऱ्या दिवसापासून संपत यायचा बंद झाला.

रविवारी मॅडमनी मला फोन केला. “बिबवेवाडीचा रस्ता माहितीये तुला? चल.” तोपर्यंत त्या मला अगंतुगं करायला लागल्या होत्या. मी त्यांच्या मोपेडवर मागे बसले. मॅडम मोपेड चालवतानाही बोलायच्या आणि बोलताना मागे वळून बघायच्या. पोहोचले तेव्हा मला फक्त जिवंत असल्याचं समाधान होतं.

संपतचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी उठून खाट रिकामी केली, आतून पाणी मागवलं. संपत दारात उभा राहिला, पुढे आला नाही.

“बाई, बरं झालं आलात,” वडील म्हणाले. “ह्याचं काय चाललंय आम्हाला समजंना झालंय. पोरगं जेवत न्हाई. विचारलं तर म्हणतंय, एक अक्षर जुळंना. एका अक्षरापायी कुणी जेवान सोडतं व्हय?”

“माझंही तेच अक्षर जुळत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “मी फक्त जेवते.”

म्हातारबाबांना हसू आलं. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, “खरं सांगा. त्यानं चूक केलीया का? केली आसंल तर तसं सांगा. थोरला म्हणतोय, दुकानावर बसव त्याला.”

मॅडमनी दाराकडे पाहिलं. संपत दाराची चौकट नखाने खरवडत होता.

“केली असेल तर मी त्याच्या तोंडावर सांगीन,” त्या म्हणाल्या. “पण आज मला माहीत नाही. माहीत नसताना मी त्याला चुकला म्हणणार नाही. बरोबर होता असंही म्हणणार नाही. आम्हा दोघांनाही थोडे दिवस काढायला लागतील. त्याला उद्या पाठवा.”

“पाठवतो की. तुमचाच हाय तो.”

पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. संपतही जेवायला बसला. मॅडमनी त्याच्या ताटाकडे एकदाही बघितलं नाही, पण त्याने दुसरी भाकरी घेतल्यावर त्यांनी स्वतः आणखी अर्धी मागून घेतली.

मॅडमच्या मनात एक उपाय होता. जी अक्षराच्या जागी वापरता येतो असा थोडा बदललेला घटक तेव्हा नवीन मिळायला लागला होता. तो वापरला की तुकड्यांना घट्ट दुमडून बसता येत नाही. आमच्याकडे तो नव्हता. बंगळूरच्या एका मैत्रिणीला त्यांनी गळ घातली आणि बर्फात घातलेली एक इवलीशी कुपी पुण्यात आली. संपतने ती अशी धरली होती, जणू तिच्यात कुणाचा तरी श्वास आहे.

ज्या सकाळी फिल्म धुऊन निघाली, त्या सकाळी मॅडमनी मला वर बोलावलं. संपत भिंतीकडे तोंड करून हातात कागद-पेन घेऊन उभा होता. मॅडम स्वतः खोलीच्या बाहेर.

“तू वाच,” त्या दारातून म्हणाल्या. “खालून वर. ज्या वाटेत रेघ, ते अक्षर मोठ्याने बोल. संपत लिहील, बघणार नाही.”

“मॅडम, मी? तुम्हीच वाचा ना.”

“मला जे हवंय ते मला दिसेल. तुला कुठली जागा महत्त्वाची ते या फिल्मवर ओळखता येत नाही. म्हणून तू.”

मी वाचलं. ओली फिल्म, उजेडाची पेटी, आणि माझा स्वतःचा आवाज मला परका वाटत होता. मग मॅडमनी केळकर सरांना बोलावलं आणि त्यांनाही माझं वाचन न दाखवता वाचायला लावलं. सरांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि वाचलं. दोन्ही कागद जुळले.

मॅडम ते कागद घेऊन बोळात गेल्या. लांब कागद पसरलेलाच होता. त्या गुडघे टेकून बसल्या आणि कात्रजच्या बुरशीची रांग एकेक अक्षर करून पुन्हा लिहायला लागल्या. आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे. आधी जिथे एकच सी वाचला गेला होता, तिथे आता दोन होते, स्वच्छ, वेगवेगळे. त्यामुळे पुढची अक्षरं आपोआप एकेक घर पुढे गेली आणि रिकामं सोडलेलं घर भरलं. मॅडमची पेन्सिल त्या जागेवर आली. जी समोर सी.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, मागे सरकून भिंतीला टेकल्या आणि कागदावरच पाय पसरले. एवढा मोठा निःश्वास मी कुणाचा ऐकलेला नाही.

“मी नाही सरकवलं,” त्या सरांना म्हणाल्या. “आपण होऊन आलं.”

“हो हो,” सर म्हणाले. “आपण होऊनच आलं.”

संपत अजून भिंतीपाशीच होता. “म्हंजे म्याडम, मी चुकलो न्हवतो?”

“चुकलास. दोन सी होते, तू एक वाचलास. पण कुणीही एकच वाचला असता. का, सांग बघू? दाटी का झाली?”

संपत कागदापाशी येऊन वाकला, आणि एकदम त्याचे डोळे मोठे झाले. “आकडा! तुकडा त्या जागी दुमडून बसला, भराभर सरकला आणि दोन रेघा एक झाल्या. जोडी जमली म्हणून.”

“जोडी जमली म्हणून!” मॅडम आता खरंच हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अरे, जी जोडी आपण शोधतोय तीच जेलीत घट्ट मिठी मारून बसली होती, आणि तिनेच आपलं अक्षर झाकलं! आपल्या विरुद्धची साक्षच आपल्या बाजूची निघाली.” मग पदराने चष्मा पुसत, “नीला, चहा सांग गं. वाईट असला तरी चालेल.”

लेख गेला. तो छापून येतो न येतो तोच परदेशातल्या त्या प्रयोगशाळेचाही लेख आला, जवळजवळ हीच घडी मांडणारा. केळकर सर हळहळले, थोडक्यात आपलं एकट्याचं श्रेय हुकलं म्हणाले. मॅडम मात्र खूश होत्या. “सर, दुसऱ्या घरचा साक्षीदार मिळाला. आणि न बोलावता!” संपत डॉक्टर झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी संस्थेत येऊन पेढे वाटले. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ते एकच सांगत होते, “अक्षर जुळलं.”

पुढे मी ती नोकरी सोडली, सॉफ्टवेअर कंपनीत गेले. मॅडम निवृत्त होऊन येरवड्याला पुतणीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. बऱ्याच वर्षांनी एके दिवशी संपतचा फोन आला. तो आता एका कॉलेजात शिकवत होता. “नीलाताई, स्फटिक झालाय,” तो म्हणाला. म्हणजे त्या जातीच्या एका आरएनएचा स्फटिक करून, त्यावर क्ष-किरण सोडून शास्त्रज्ञांनी त्याची घडी प्रत्यक्ष पाहिली होती. इतकी वर्षं जिचा फक्त अंदाज होता, ती आता दिसली होती.

आम्ही दोघं चित्राची मोठी रंगीत प्रत घेऊन येरवड्याला गेलो. मॅडम वाळल्या होत्या, पण नजर तीच. त्यांनी चित्र टेबलावर पसरलं, भिंग घेतलं. आम्ही आकड्यावर बोट ठेवायला गेलो तर आमचे हात बाजूला केले. “आधी माझं कुठे चुकलंय ते बघू दे.”

पुतणीने चहा आणून ठेवला, तो निवला.

“हे बघ,” शेवटी त्या म्हणाल्या. एका कडेच्या भागावर बोट होतं. “ही दोरी मी डावीकडून नेली होती. ही तर उजवीकडून गेलीय. चूक. साफ चूक.” त्यांचा चेहरा उजळला होता. “बरं झालं बाई, माझ्या हयातीत कळलं.”

“आणि आकडा, मॅडम?” संपतला राहवेना.

त्यांनी भिंग सरकवलं. आकडा तिथे होता. केसाच्या आकड्यासारखाच, कापायच्या जागेला टेकू देऊन उभा.

“आहे,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग संपतच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

निघताना त्या आम्हाला सोडायला खाली रस्त्यापर्यंत आल्या. चित्राची सुरळी हातातच होती. संपत त्याच्या गाडीने गेला. माझ्यासाठी त्यांनी रिक्षा थांबवली.

“नारायण पेठ? तिकडं नाही येणार,” रिक्षावाला म्हणाला.

“मग तुम्हाला कुठे जायचंय?” मॅडमनी आदराने विचारलं. “सांगा ना. ही तिकडे येईल.”

रिक्षावाल्याने त्यांच्याकडे बघितलं, हसला आणि मीटर टाकला.

रिक्षा वळली तेव्हा मी हात हलवायला मागे पाहिलं. मॅडमचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गुलमोहराखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्येच, त्यांनी ती सुरळी पुन्हा उघडली होती. चष्मा कपाळावर चढवून, कागद अगदी डोळ्यांपाशी धरून त्या बघत होत्या. लोक त्यांना वळसा घालून जात होते.